मोटारीखालची सावली

मोटार का विकली म्हणता? अहो, घेतली होती कुत्र्यासाठीच. मागची सीट काढून गवत अंथरलं, म्हटलं, मी आणि मोत्या सातपुड्यात हिंडू. पण मोत्याचा जन्म बैलगाडीखाली, तिच्या सावलीत चालण्यात गेलेला. आमचा सालदार धना म्हणाला, "दादा, त्याले गाडीखाले बसानी सवय शे. खाले देखत जा."

मी हसलो, "हाई मोटार शे रे, बैलगाडी नही!"

तळोद्याहून भर दुपारी निघालो. मोत्या दिसेना. वाटलं, आवाज ऐकून येईल धावत. हॅण्डल मारायला वाकलो, तरी खाली पाहिलं नाही. मोटार हलली, तसा तोही सवयीनं खालून चालू लागला असणार. एकदाच ओरडला.

आता बैलगाडीत चढण्याआधी मी वाकून बघतो. धना बैल धरून उभा राहतो.