रेडिएटरमधलं लोणी

(दवाखान्यातली लहानशी खोली. टेबलापलीकडे वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम, अलीकडे आजोबा. चाकाच्या खुर्चीत आजी, तिच्या मांडीवर टॅबलेट. त्यावरच्या चित्राला बोट लावलं की तो तो शब्द बोलतो.)

आजोबा : …सांगून तुमचा विश्वास बसायचा नाही मॅडम, आजवर कोणाचाच बसलेला नाही, पण भरलेल्या बसच्या रेडिएटरमधून मी अडीच किलो लोणी काढलंय. या हातांनी.

मॅडम : आजोबा, आधी टॅबलेटचं बोलू या? बारा दिवस झाले. विकत घ्यायचा की परत करायचा, ते आज ठरवायला हवं. पुढचा पेशंट वाट बघतोय.

आजोबा : परतच घ्या.

मॅडम : वापरलाच नाही?

आजोबा : वापरला की. खिडकी आपटत होती, तिला टेकू दिला. टेकू म्हणून उत्तम आहे, उगाच नावं ठेवणार नाही.

मॅडम : आजींनी किती वेळा बोट लावलं?

आजोबा : एकदाही नाही. तुम्ही सांगितलं तसं सकाळ-संध्याकाळ मांडीवर ठेवतो. भूक, झोप, दुखतंय, सगळी चित्रं दाखवतो. ही भिंतीकडे बघते. मग मीही भिंतीकडे बघतो. आता त्या भिंतीचा पोपडा न् पोपडा मला पाठ झालाय.

मॅडम : मग भूक लागल्याचं कसं कळतं?

आजोबा : लागतच नाही. घास पुढे केला की तोंड उघडते, नाही केला तर नाही. जिला काही मागायचंच नाही, तिला मागायचं यंत्र देऊन काय करू? टकल्याला कंगवा.

मॅडम : स्ट्रोकनंतर होतं असं. वाचा गेली तरी समजत असतं. तपासणीत तसं दिसलंय.

आजोबा : तपासणीत दिसलं असेल. घरात दिसत नाही. चार महिने झाले, ना हसू, ना राग. आत कोणी आहे का, एवढंच मला कळायला हवं मॅडम. ते कळलं तर यंत्राचा निकाल एका मिनिटात लागेल. पेन्शन काय, पडूनच आहे.

मॅडम : तुम्ही बोलता का त्यांच्याशी?

आजोबा : दोन महिने बोललो. छत्तीस वर्षं बस चालवली, गोष्टींना काय तोटा. पूर्वी मी नुसतं ‘एकदा काय झालं’ म्हटलं की ही स्वयंपाकघरातून, ‘झालं सुरू.’ पाहुण्यांसमोर उघडं पाडायची. आता कोणी अडवतच नाही. गोष्ट सुटली की थेट शेवटाला, ब्रेक नसलेल्या गाडीसारखी. त्यात काय राम? सोडून दिलं.

मॅडम : आणि तुमची तब्येत? झोप?

आजोबा : लागते. उठल्यावरही लागलेलीच असते. आंघोळ झाली की नाही, ते हल्ली टॉवेल ओला आहे का बघून ठरवतो.

मॅडम : …बरं. परतीचा फॉर्म भरायला मला पाच मिनिटं लागतील. तोवर ते लोण्याचं सांगा.

आजोबा : कशाला?

मॅडम : फॉर्म कंटाळवाणा आहे म्हणून.

आजोबा : मग ऐका. लग्नाला आठवडा झालेला. ही माझ्या मागच्याच सीटवर, नवी चप्पल पायात. गाडीत बावन्न माणसं आणि एक बोकड. बोकडाचंही तिकीट फाडलेलं, आपल्याकडे लबाडी नाही. अर्ध्या घाटात इंजिन तापलं. बॉनेटखालून वाफच वाफ. आसपास विहीर नाही, ओढा नाही, घर नाही.

मॅडम : मग?

आजोबा : सगळ्यात मागे एक गवळी, दोन कॅन घेऊन बसलेला. म्हटलं, ओत. तो रडकुंडीला आला. म्हटलं, बाबा रे, दूध उद्याही निघेल, बावन्न माणसं कुठून काढणार?

मॅडम : बोकड मोजला नाहीत.

आजोबा : बोकड माझ्या बाजूने होता. ओतलं सगळं. घट्ट, सायीचं दूध. गाडी निघाली. पुढे एकवीस वळणं, प्रत्येक वळणाला आत घुसळण. डेपोत पोचलो, झाकण उघडतो तर –

टॅबलेट : पाणी.

मॅडम : थांबा. आजींनी बोट लावलं.

आजोबा : कशाला?

मॅडम : पाण्याच्या चित्राला. तहान लागलीय त्यांना. हा घ्या ग्लास, आजी. सावकाश… नको? अहो, सांडेल, ढकलू नका. नकोय वाटतं. चुकून लागलं असेल बोट.

आजोबा : चुकून. हं.

मॅडम : वाईट वाटून घेऊ नका. इथे सही करा.

आजोबा : करतो. तर मॅडम, गवळ्याचे ते दोन कॅन, काठोकाठ दूध –

टॅबलेट : पाणी.

मॅडम : पुन्हा तेच. आणि ग्लास तर लांब सारतायत. आजोबा, सही राहिली. असे काय बघताय त्यांच्याकडे? नेमकं हवंय काय त्यांना?

आजोबा : सही राहू द्या. तहान नाही लागली तिला. त्या कॅनमध्ये पाणीच होतं.