तिसरा हंडा

गोऱ्यांच्या गलबतापुढे बीव्हरची कातडी देऊन तांब्याचे हंडे घ्यायला आम्ही मिकमाक जमातीच्या बाया भिकारणींसारख्या रांगेत उभ्या होतो. माझ्यामागे किटपू वर्षाने भेटलेल्या भावजयीला टोचत होती.

“वहिनी, घरात तांब्याचे दोन हंडे, तरी तिसरा हवाच? मी मेली अजून लाकडाच्या कुंडात तापलेले दगड टाकून मांस शिजवतेय!”

“दोन्ही गेले, वन्सं.”

“गेले कसे? माझी नजर लागेल म्हणून लपवलेस, म्हण की!”

“पुरले. गेल्या साली गलबत परत गेलं आणि खोकल्याने दोन्ही पोरी नेल्या. रीतीप्रमाणे एकेकीबरोबर एकेक हंडा मातीत दिला.”

“अगं बाई! मग आता हा कशाला?”

“धाकटा परवापासून खोकतोय.”

 किटपूने तरी रांग सोडली नाही. मीही नाही.