चार हजार बकऱ्या आणि एक शामा

नाही हो साहेब, पीडीएफ केलं की पटकन छापून निघतं हे मला सांगताय? — सगळ्या क्लातेन गावात हा उद्योग पहिला कुणी सुरू केला असेल, तर या सुमीनीने. एक्सेल उघडायचं, रकाने एका पानात बसवायचे, पीडीएफ करायचं, की सुळकन बाहेर. पण आज नाही करायचं. आज तुमच्या चार हजार बकऱ्या थेट एक्सेलमधूनच छापू. गुरांच्या डॉक्टरला कसली एवढी घाई — लस टोचून झाली ना बकऱ्यांना? मग. कानातल्या बिल्ल्याचा नंबर एका पानावर आणि मालकाचं नाव दुसऱ्यावर आलं, तर डिंक देते मी, चिकटवा. बसा. चहा घ्या, खडीसाखर घातलीय.

ऐकलंत? टीं-टीं. प्रिंटर म्हातारा आहे, एवढी मोठी फाइल त्याला एकदम झेपत नाही — दोन पानं काढतो, थांबतो, कण्हतो, मग टीं-टीं. हेच हवंय मला. का? वर बघा, तो पिंजरा. त्याच्यावरचं कापड मी मघाशीच काढलं, नवरा पक्ष्याच्या खाण्यासाठी नाकतोडे आणायला गेला तेव्हा. शामा पक्षी आहे, पेतिर नाव त्याचं, जो आवाज ऐकेल तो उचलतो. गेल्या वर्षी पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेत काय गळा लागला होता — पंच याच्या पिंजऱ्यापाशी विजयाचा झेंडा रोवायला पुढे आला आणि याने मध्येच टीं-टीं. अख्खं मैदान हसलं. नवरा आठ दिवस नीट जेवला नाही. या खेपेला तयारी सुरू झाली तशी दुकानात नियम — मोठी एक्सेल आली की आधी पीडीएफ, प्रिंटर एका दमात चालला पाहिजे, पक्ष्याच्या कानावर टीं पडता कामा नये. तीन महिने पाळला मी, टीं विसरला तो; आज पुन्हा कानावर पडली की आठवेल. परवा रविवारी स्पर्धा.

दुष्ट बाई आहे असं वाटतंय ना? वाटू दे. यार्तोने, म्हणजे नवऱ्याने, शपथ घेतलीय — यंदा हरलो तर पक्षी मेहुण्याला देऊन टाकीन आणि बोटीने बालिकपापानला येईन, लेकीकडे. नात चार वर्षांची झाली, किनांती — हसते तेव्हा आधी तिला उचकी लागते, मग खिदळते. मी रोज रात्री घरी फोनवर बघते तिला, आणि हा बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. म्हणतो, पक्ष्याला सोडून कसा येऊ? पक्षी कसला — तुम्हाला म्हणून सांगते — लेकीने याच्या मनाविरुद्ध लग्न केलं, जावई दारात उभा असताना याने दार लावून घेतलं. तेव्हा जे बोलला ते आता मागे घेववत नाही, म्हणून पिंजऱ्याआड लपतो. मग पिंजराच हलवायचा. काय चुकलं माझं? बरं, चहा प्या.

श्श. गळा फुगवतोय. आता म्हणेल बघा, टीं —

नाही. हे काय. पुन्हा कर रे — उचकी. ऐकलीत ना? आधी उचकी, मग खिदळणं. पण घरी मांजर आहे, साहेब, पिंजरा कधी घरी नेतच नाही आम्ही, रात्रीसुद्धा इथेच कुलपात असतो. मी सकाळी बाजारात तेम्पे, सोयाबीनच्या वड्या, विकायला जाते. दहापर्यंत इथे फक्त यार्तो, पक्षी आणि यार्तोचा फोन. एकदा ऐकून इतकं हुबेहूब येत नाही. महिने लागतात. आणि लेक मला याबद्दल चकार शब्द बोलली नाही, बापाचीच पोर. मेला, माझ्यासमोर ओट्यावर जाऊन बसतो — आणि मी इथे बसून त्याला हरवतेय.

बंद करा तो प्रिंटर. लाल बटण — हो, राहू दे अर्धं पान आत. कापड द्या इकडे. पीडीएफच करू, एका दमात निघतात तुमच्या बकऱ्या. जिंकू दे त्याला रविवारी. जिंकला तरी येईल तो बोटीत, आता बघतेच मी.

त्याची गाडी वाजली वाटतं. निघाल्या सगळ्या बकऱ्या, घ्या हा गठ्ठा. आणि त्याला काही बोलायचं नाही, पक्षी काय म्हणाला ते तर मुळीच नाही. निघा आता.