तिसऱ्या खुर्चीवरचा माणूस

पद्मजा : मग त्यांना काय सांगितलंत?

उदयसिंह : म्हटलं, घरी विचारून कळवतो.

पद्मजा : घरी विचारून?

उदयसिंह : हो. तुला विचारून.

पद्मजा : इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतंत, म्हणून वाटलं ऐकण्यात चूक झाली. आता जरा सलग सांगा. काल आल्यापासून तुकडे तुकडे चाललेत. कंपनीनं जुनं जम्बो विमान विकलं, ते पोचवायला तुम्ही शारजाला गेलात, इथपर्यंत कळलं. पुढे?

उदयसिंह : ज्यांनी घेतलं ती माल वाहून नेणारी कंपनी आहे. त्यांचा मॅनेजर म्हणाला, विमान घेतलं, आता त्याचा फ्लाइट इंजिनिअरही आम्हाला द्या. दोन वर्षांसाठी या.

पद्मजा : आणि तुम्हाला जायचंय.

उदयसिंह : दुसरीकडे कुठं जाऊ? त्र्याण्णवला नवी जम्बो आली तेव्हाच मला समजलं होतं. पायलटांच्या मागे माझी आडवी खुर्ची असते ना, ती त्यात नाहीच. दोन पायलट आणि समोर कॉम्प्युटरचे पडदे. मी भिंतभर घड्याळं बघत जे करायचो, ते विमान आपलं आपण करतं.

पद्मजा : चांगलं आहे का ते?

उदयसिंह : चांगलंच आहे, तेच तर. वाईट असतं तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. तेल कमी पितं, लांब जातं, आवाज कमी. मी मालक असतो तर मीही तेच घेतलं असतं.

पद्मजा : जाताना कसं होतं ते सांगा.

उदयसिंह : आम्ही तिघंच. मागे सगळ्या खुर्च्या रिकाम्या, सामान नाही, तेलही शारजापुरतं. असं उठलं पद्मा, धावपट्टी अर्धीसुद्धा लागली नाही. मी त्याला कायम लंडनच्या वजनानं उठताना पाहिलेलं. कॅप्टन म्हणाले, उदय, याला कोण म्हातारं म्हणतंय?

पद्मजा : आणि उतरल्यावर?

उदयसिंह : उतरल्यावर मी एकेक इंजिन बंद केलं, मग पंप, मग दिवे. कॅप्टन म्हणाले, सावकाश होऊ दे. आणि ते दोघं खाली निघून गेले. मुद्दाम गेले, मला समजलं. मी बसून राहिलो. तेवढ्यात मागून खडखड ऐकू आली. त्यांची माणसं चढली होती, खुर्च्या उपटायला लागली होती. मी वर बसलोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पद्मजा : मग?

उदयसिंह : मग काय, टोपी घेतली आणि उतरलो.

पद्मजा : मला एक सांगायचंय. तुम्ही पावसाळ्यात येऊन सांगितलंत ना, की आता इंजिनिअर नकोत, तेव्हा मी उठून आत गेले. तुम्हाला काय वाटलं?

उदयसिंह : रडायला गेलीस.

पद्मजा : मी देवापुढे साखर ठेवली.



उदयसिंह : माझी खुर्ची गेली म्हणून साखर?

पद्मजा : तुम्ही घरी राहणार म्हणून. तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही न्यूयॉर्कला होतात. आभाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा टोकियोला. इथे प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला नुसती भातखाचरं होती, सापसुद्धा मीच शेतातल्या माणसांना हाका मारून मारवलेत. मी तक्रार केली नाही, आताही करत नाही. पण गच्चीवरून कुठलंही विमान दिसलं की आभा बाबा म्हणून हात हलवायची. कुठल्या का कंपनीचं असेना.

उदयसिंह : हे तू कधी बोलली नाहीस.

पद्मजा : दोन दिवसांसाठी यायचात. त्यात हे काय बोलायचं? तुम्हाला झोप हवी असायची.

उदयसिंह : म्हणजे जाऊ नको म्हणतेस.

पद्मजा : जायचं असेल तर जा, बॅग मी भरून देईन. नेहमी भरलीच आहे. पण विचारायला आलात म्हणून सांगते, मला नकोय.

उदयसिंह : तिथं एक इंजिनिअर भेटला. स्कॉटलंडचा, साठी उलटलेला. त्याच्या कंपनीनं त्याचं जम्बो आफ्रिकेत विकलं, हा मागोमाग तिकडे गेला. मग ते शारजाला आलं, हाही आला. मला खोलीवर जेवायला नेलं. डब्यातले मासे आणि ब्रेड. फोटो दाखवले, सगळे विमानांचे. मी विचारलं, घरी कोण असतं? म्हणाला, होते.

पद्मजा : त्याला बघूनही जावंसं वाटतंय?

उदयसिंह : वाटतंय. खोटं कशाला बोलू? त्याला बघितलं नसतं तर तिथंच सही करून आलो असतो.

पद्मजा : आणि तुमच्या कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरचं काय? शिकवायला बोलावलंय ना तुम्हाला?

उदयसिंह : त्या नव्या पोरांना काय शिकवायचं माहितीये? मी जे करायचो ते माझ्याशिवाय कसं करायचं, ते.

पद्मजा : मग मी दुसरं काय करते? दरवर्षी सातवीच्या मुलांना शिकवते आणि ती माझ्याशिवाय आठवीत जातात. मागे वळून बघत नाहीत.

उदयसिंह : लागतं का मनाला?

पद्मजा : जूनमध्ये लागतं. मग नवी येतात, त्यांना बेरीज-वजाबाकीपासून सगळंच सांगावं लागतं.

उदयसिंह : सातवीत बेरीज?

पद्मजा : तुम्ही येऊन बघा एकदा.

उदयसिंह : नंबर दिलाय त्या मॅनेजरनं. आत्ताच लावतो. नाही म्हणून सांगतो.

पद्मजा : आत्ता नको. मी बोलले म्हणून नको, दोन दिवस जाऊ देत. उगाच मला बरं वाटावं म्हणून करू नका.

उदयसिंह : तुला बरं वाटावं म्हणूनच करतोय. माझं मला विचारलं तर मी जाईन. सरक जरा, फोन घेऊ दे.

पद्मजा : लागला?

उदयसिंह : वाजतोय.

(उदयसिंह थोडंसं बोलतात आणि फोन ठेवतात.)

पद्मजा : काय म्हणाले?

उदयसिंह : काही नाही. बरं म्हणाले. दुसरा कोणी मिळेल, काळजी करू नका म्हणाले.

पद्मजा : एवढ्यात संपलं?

उदयसिंह : एवढ्यातच. निदान एकदा तरी आग्रह करतील असं वाटलं होतं.

पद्मजा : वाईट वाटतंय?

उदयसिंह : वाटतंय. तू काही बोलू नकोस. नुसती बस इथं.

पद्मजा : बसलेय.

उदयसिंह : सोमवारी ट्रेनिंग सेंटरला जाऊन येतो. बघतो काय म्हणतात.

पद्मजा : पहिल्या दिवशी फळ्याकडे तोंड करून बोलू नका. सगळे नवे मास्तर तेच करतात.

उदयसिंह : बेल वाजली बघ.

पद्मजा : आभा असेल, क्लासहून आली.

उदयसिंह : जा, उघड.

पद्मजा : तुम्ही उघडा. तिला रोज मीच दिसते.