मोटर हाये, येते!

झोप? कसली झोप घेऊन बसलात! रात्रभर डोळ्याला डोळा लागला असेल तर शपथ... आणि तुम्हाला वाटेल, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर, बाई अर्थशास्त्र घोकत पडली असेल. अर्थशास्त्र केव्हाच पाठ झालं होतं हो! घोर होता तो एकच, उद्या मोटर वर येईल का? या कुशीवर वळले की मोटर आलेली दिसायची, त्या कुशीवर वळले की गेलेली. आणि दोष द्यायचा कोणाला? पंजाबराव ड्रायव्हरला? कॉलेजला? तुम्हाला सांगते, दोष होता एका फ्रॉकचा. म्हणजे माझाच. फ्रॉक काही स्वतःच्या पायांनी जाऊन वाळत पडत नाही!

पण असं नाही कळायचं. आधी आमचा माळ सांगते. यवतमाळ सोडून आर्णीच्या रस्त्याला लागलं की एक फाटा येतो, आणि फाट्यावरून वर पाहिलं की उघडाबोडका माळ. त्या माळावर आमचं कॉलेज. कोणा शहाण्याला वाटलं की उंचावर हवा चांगली, पोरांची डोकी चालतील. मग काय, वर्ग झाले, वसतिगृह झालं, आम्हा नोकरदारांची क्वार्टरं झाली, प्रिन्सिपलसाहेबांच्या बंगल्यापुढे गुलाबसुद्धा लागले... फक्त वर राहणाऱ्या माणसांना कधी खाली जावं लागेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. हवा चांगली होती ना!

मोटर जाते ती खालच्या रस्त्याने. फाट्यापाशी ती बाभळींच्या आड जाते, ती आम्हाला पुढे दिसतच नाही. वर चढून यायची ती फक्त बोलावलं तर. आणि बोलवायचं कसं? माळाच्या कडेला पाण्याची बसकी टाकी आहे, तिच्या कठड्याला लाल फडकं बांधायचं. नाल्याच्या वळणावरून पंजाबरावांना ते दिसलं की गाडी वर, नाही दिसलं की सरळ. लोक निघाले की फडकं खाली. आणि ज्यानं लावलं त्यानंच ते काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. एकदा कोणीतरी कोणाचं तरी काढलं होतं, त्यावरून दोन प्राध्यापक अजून एकमेकांशी बोलत नाहीत. बाकी व्यवस्था झकास! कधी पंजाबरावांच्या डोळ्यावर ऊन यायचं, कधी वारा नसला की फडकं लोळागोळा होऊन पडायचं. मी आपली टाकीपाशी येरझारा घालायची, आणि शेजारच्या कांताबाई ओट्यावर तूर निवडत म्हणायच्या, "येते वं बाई, येते. मोटर हाये, येते."

'मोटर हाये, येते'! जशी काही गाय आहे, संध्याकाळ झाली की घरी येते!

आता म्हणाल, टॅक्सी नाही का? आहे ना. गफ्फारभाईंची. त्या गाडीचं मूळ नाव काय ते खुद्द गफ्फारभाईंनाही ठाऊक नसावं, इतके वेगवेगळ्या गाड्यांचे अवयव तिच्यात नांदतात. रोज सकाळी वर येते आणि उताराकडे तोंड करून उभी राहते, कारण उताराशिवाय ती सुरूच होत नाही. आणि सवारी भरल्याशिवाय हलत नाही. तुम्ही जाऊन बसा, गफ्फारभाई म्हणणार, "बैठो बाई, बैठो. बस, दो सवारी आयी की निकले." ती दो सवारी! मी बसले तेव्हाही दोन कमी, चार जण आले तरी दोन कमी. उन्हात पत्र्याच्या डब्यात शिजत कोण बसणार? तेव्हा आमच्या सुशिक्षित माळाने युक्ती काढली. शेवटची जागा उरली की गफ्फारभाई भोंगा वाजवतात. मग भोंगा वाजेपर्यंत घरातच थांबायचं! पायात चपला, हातात पिशवी, कान भोंग्याकडे... सगळे आपापल्या दाराआड तयार, आणि टॅक्सी रिकामी. टॅक्सी रिकामी, म्हणून भोंगा नाही; भोंगा नाही, म्हणून सवारी नाही. दुपारपर्यंत वाट पाहून गफ्फारभाई म्हणतात, "आज कोई जाताच नहीं क्या?" आणि उतारावरून गाडी सोडून निघून जातात. मग दारं उघडतात. "अरे, गेली वाटतं?" पदवीधर लोक हो सगळे!

हसू नका. गेल्या वर्षी माझा हाच पेपर असाच हुकला, परीक्षेचं केंद्र खाली यवतमाळला ना! मीही दाराआडच उभी होते, चपला घालून.

आणि हे आमच्या वडिलांना कोणत्या तोंडानं सांगायचं? माझे वडील डोमाजी. छप्पन्न साली दीक्षा घेऊन नागपुराहून घरी आले, अंगणात पाय धुतले आणि आईला पहिलं वाक्य काय म्हणाले, तर "पोरगी शिकन." विचारलं नाही हो, सांगितलं! तेव्हापासून मी शिकतेच आहे. मध्ये लग्न झालं, सुजाता झाली, तरी त्यांचं दर भेटीला एकच, "किती राह्यलं वं बाई?" आता मुलींच्या शाळेतली एक जागा पदवीवर अडलेली. यंदा हुकलं की ती गेली. म्हटलं, यंदा माझ्याकडून काही चूक होणार नाही...

आणि पेपरच्या तीनच दिवस आधी मी तो फ्रॉक धुतला.

लाल. सुजाताचा, आजोबांनी घेतलेला, जीव की प्राण. अंगणात वाळत घालावा तर वसतिगृहाच्या बकऱ्या परकर खातात, फ्रॉक काय सोडतील? म्हटलं, टाकीवर वारा चांगला आहे. बघा, शिकलेल्या बाईचं डोकं! त्याच टाकीवर, त्याच कठड्यावर, लालभडक फ्रॉक... आणि घरात येऊन मी 'मागणी आणि पुरवठा' वाचत बसले!

पहिल्या फेरीला मोटर वर आली. माळभर कोणी नाही. पोंगा वाजवून गेली. पुढच्या फेरीला पुन्हा आली. सुजाता टाळ्या पिटते आहे, "आई, मोटर आली!" मी म्हणते, "येऊ दे, वाचू दे." तिसऱ्या वेळी मात्र पंजाबराव खाली उतरले. खिडक्यांतून सगळ्या उतारूंच्या माना बाहेर.

"कोन जाऊन राह्यलं?" पंजाबराव गरजले. "कोनाचं हाये ते लाल?"

"माझं... म्हणजे हिचं. फ्रॉक आहे तो. वाळत घातलाय."

"वाळत?" आवाज एकदम बारीक झाला. "बाई, शिकल्या-सवरल्या तुमी! मी हे लोखंड तीनदा टेकडावर चढवलं, अन् कायले? पोरीचा फराक वाळला का नाही, हे पाहाले? आता लाल फडकं काय, सूर्य आनून टांगा तिथं... पंजाबराव वर येनार नाही! लिहून ठेवा!"

आणि तेवढ्यात आमचं कन्यारत्न आतून पाण्याचं भांडं घेऊन आलं. निम्मं वाटेत सांडत. "काका, पानी."

आता तुम्हाला सांगते, आमचं दार कसं ते. दारावर ह्यांच्या नावाची पाटी, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. पंजाबरावांनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा भांड्याकडे. मी मनात म्हटलं, आता म्हणतील, 'तहान नाही.' ते 'तहान नाही' मी लहानपणापासून ओळखते. भर वैशाखात घामाने निथळणाऱ्या माणसालाही आमच्या दारात तहान नसते!

पंजाबरावांनी भांडं उचललं, घटाघटा प्याले आणि रिकामं भांडं पोरीपुढे धरलं. "लयच थंड हाये वं. अजून आन."

दुसरं भांडंही प्याले. मिशा पुसल्या. मला वाटलं, निवळले. तर म्हणतात कसे, "पानी गोड हाये, पन शबद शबद हाये. वर येनार नाही!" आणि गेले.

माळभर गाजलं हो! जो तो मला विचारतो, "आज काय धुतलं?" सुजाता मात्र खूश. तिनं आपला सिद्धांत मांडला, 'माझा फ्रॉक मोटर बोलावतो.' आणि कांताबाईंचं तूर निवडणं चालूच, "रागानं बोलला वं तो. येते, मोटर हाये, येते."

तर, पेपरची सकाळ. आमचे हे वसतिगृहातल्या पोरांना घेऊन सहलीला गेलेले. कॉलेजच्या सहली बायकांच्या परीक्षा पाहूनच निघतात. सुजाता माझ्याशिवाय राहत नाही, आणि तिला सोडून मला पेपर सुचत नाही... हे दुसरं मी कोणाजवळ कबूल करत नाही. म्हणून कांताबाई म्हणाल्या, "चाल, मी येतो संगं. तू लिही, पोरीले मी पाहातो." सुजाताने फ्रॉक काखोटीला मारला. "दुपारी घालीन," म्हणाली. मी टाकीवर फडकं बांधलं, ताणून, चारी टोकं दिसतील असं. नाल्याच्या वळणावर धूळ उडाली. मोटर आली, आली, आली... फाट्याशी आली आणि बाभळींच्या आड गेली. वर काही वळली नाही.

संपलं! सूर्य टांगला तरी येणार नाही म्हणाले होते, मी नुसतं फडकं टांगलं होतं. असा संताप आला... पंजाबरावांचा नाही, माझा, माझ्या धुण्याचा! फडकं ओरबाडून काढलं, पिशवीत कोंबलं आणि धावले टॅक्सीकडे. आणि चपला घालून दाराआड नाही उभी राहिले या वेळी. सरळ जाऊन पहिल्या जागेवर बसले. माळाच्या इतिहासात टॅक्सीत पहिली बसलेली बाई मीच!

"बैठो बाई," गफ्फारभाई म्हणाले. "बाकी सवारी आयी की निकले."

"गफ्फारभाई, माझा पेपर आहे हो!"

"मालूम हाये बाई. मेरीबी दुवा हाये. पन गाडी का पेट दुवा से नहीं भरता."

मी हात जोडते आहे, ते आकाशाकडे पाहताहेत, कांताबाई पदराने वारा घेत म्हणताहेत "येते वं...", आणि आसपासच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे हलताहेत. सगळे तयार, सगळे आड! आणि सुजाता कुठे? मघाशी तर इथे होती... "सुजे!" हाक मारली तर टाकीच्या बाजूनं धापा टाकत आली. विचारायला फुरसत कोणाला? तिला गफ्फारभाईंच्या जागेवर चढवली, आणि तिनं तिथला रबरी फुगा पाहिला. दोन्ही हातांनी धरला आणि दाबला.

भों... ओं... ओं!

तुम्हाला काय सांगू! वीस दारं एकदम उघडली. शेवटची जागा! शेवटची जागा! प्राध्यापक धावले, कारकून धावले, हिशेबनीस एका पायात चप्पल घालून धावले. गाडीत माणसं, पायरीवर माणसं, आणि गफ्फारभाई बाहेर. "अरे, पन मैं भोंगा बजाया नहीं! मेरेकू तो बैठने दो!" ही एवढी तयार माणसं रोज दाराआड उभी होती बघा, आणि तो माणूस रोज रिकामा परत जात होता.

गाडी सुटली. उतारावर काय पळाली! आणि उतार संपला, सपाटी आली, फाटा आला... आणि घुर्र, घुर्र, खक्... मेली. मेलीच. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, बाबा, पुढच्या वर्षी...

"काहून वं बाई? किती वेळ लावता?"

डोळे उघडले, तर बाभळींच्या आड मोटर उभी! आतले उतारू ओरडताहेत, "कोनाची सासू येऊन राह्यली इतक्या थाटानं?" आणि पंजाबराव इंजिनाचं तोंड उघडून त्यात डब्यानं पाणी ओतताहेत. शांतपणे. तीर्थ द्यावं तसं.

"अहो, तुम्ही तर येणार नव्हता ना?"

"वर येनार नाही म्हनलं होतं. खाली थांबनार नाही असं कवा म्हनलं? फडकं लागलेलं पाह्यलं, मंग बाभळीतून वाकून पाह्यलं, तं फडकं खाली. म्हनलं, बाई निंगाली. आता येईन, मंग येईन... उतारू कावले, तं त्याहिले सांगतलं, इंजनाले पानी पाजतो. तहान काय मानसालेच लागते?"

मी पिशवी सावरली. बोलले असते तर रडले असते, आणि पेपरआधी रडायचं नाही, अक्षर बिघडतं. कांताबाईच बोलल्या, "पाह्य? म्हनलं नव्हतं? मोटर हाये, येते." सगळा माळ टॅक्सीतून मोटरीत शिरला. "मेरी भरी-भरायी गाडी!" गफ्फारभाई कपाळ बडवताहेत. पंजाबरावांनी त्यांनाही आत ओढलं, "चाल रे, उतार आनाले गावात जाऊ!"

उतरताना पंजाबराव मला म्हणाले, "बाई, तुमचा पेपर चांगला जाऊ द्या. अन् आजपासून, लाल दिसलं का गाडी वर. हरेक फेरीले. थांबून, पोंगा वाजवून, वाट पाहून. हा पंजाबरावचा शबद."

पेपर? अहो, पहिलाच प्रश्न काय असावा! 'देशाच्या प्रगतीत वाहतुकीच्या साधनांचे महत्त्व सांगा.' तुम्हाला सांगते, मी लिहिलं नाही, मी गाऱ्हाणं घातलं! पुरवणी मागितली, आणखी एक मागितली. देखरेखीवरचे मास्तर वाकून वाकून पाहत होते. बाहेर आले तर झाडाखाली कांताबाई पेंगताहेत, पोरगी शेंगा खाते आहे, आणि मी... मला चक्क हलकं वाटलं हो. वडिलांना आता सांगता येईल, 'काहीच नाही राह्यलं, बाबा.' मनात म्हटलं, आजपासून मोटरीचा घोर संपला. माणसानं शब्द दिलाय.

स्टँडवर येऊन बसलो. बसलो... बसलोच. मोटरीचा पत्ता नाही. पानठेल्यावाल्याला विचारलं, तर म्हणाला, "काय माहीत बाई, आज सकाळपासून हरेक फेरीले लेट होऊन राह्यली. काय करतो पंजाबराव मधात, देव जाने!"

"येते वं बाई, येते," कांताबाई म्हणाल्या.

वारा सुटला होता. पोरीच्या अंगावर पातळ झबलं. म्हटलं, फ्रॉक चढवावा. पिशवी उपसली. फडकं निघालं, दौत निघाली, शेंगांची टरफलं निघाली...

"सुजे, तुझा लाल फ्रॉक कुठाय गं?"

ती शेंग सोलत, अगदी शांतपणे म्हणाली,

"तो टाकीवर हाये न, आई. मोटर बोलावून राह्यला."