ज्ञानूला सांगायचं राहिलं ते

वेदिका: पण देवळाचं ज्ञानूला सांगितलं कुणी, काका?

काशीराम: मीच. दुसरं कोण सांगणार? बाबा कुठं गेला, बाबा कुठं गेला, महिनाभर तेच. मी बोललो, देवाघरी गेला. नातवंडांना तसंच सांगतात ना, मॅडम.

वेदिका: आणि काल ती देवाच्या घरी गेली.

काशीराम: भर दुपारची. विनीत गेल्यापासनं शाळेत जात नाय, पण काल शाळेचा ड्रेस घातलान. बापाचा चष्मा घेतलान बरोबर. डोंगर चढून थेट गाभाऱ्यात. देवाच्या मागं बघितलंन, तेलाची खोली उघडून बघितलंन. गुरवानं मागनं दंड धरला तर चावली त्याला. त्यानं कानफटात दिलंन. त्याला तरी काय माहीत?

वेदिका: मागून कुणी धरलं की ती घाबरते. दहा वर्षांची झाली, पण ते अजून तसंच आहे. मग समुद्रावर कशी पोचली?

काशीराम: दहाव्याला अस्थी सोडल्या ना, ती माझ्या शेजारीच होती. त्याच खडकावर गेली. भरती लागलेली. जैनुद्दीनची होडी येत होती परत, त्याला दिसली म्हणून. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हाका मारत होती. बाबा नाय बोलत. विनीत काशीराम गोरिवले, विनीत काशीराम गोरिवले. हजेरी घेतात तशी.

वेदिका: हरवलं तर पूर्ण नाव सांगायचं, हे मीच शिकवलं तिला शाळेत. चार महिने लागले होते.

काशीराम: तुमचा काय दोष?

वेदिका: रात्री झोपते का?

काशीराम: कसली झोपते. मुंबईहून गाडीतनं आणला त्याला, तेव्हा तिची आई, मथुरा, तिला बोलली, बाबा झोपलेत, आवाज करू नको. तेव्हापासनं डोळा मिटायला लागला की स्वतःला चिमटे काढते.

वेदिका: बघितले तिचे हात. काका, हा हट्ट नाही. तुम्ही बोलता तो प्रत्येक शब्द ती खरा धरते. झोपलेला माणूस परत उठत नाही, हे बघितल्यावर ती कशी झोपणार? देवाघरी गेले म्हटलं तर ती आणायला जाणारच.

काशीराम: डॉक्टर ऑटिझम बोलले तेव्हा आम्ही समजलो, पोरीला कळत नाय.

वेदिका: कळतं. आपण चुकीचं सांगितलेलंसुद्धा तिला नीट कळतं.

काशीराम: मग सांगू तरी काय?

वेदिका: बाबा मेले.

काशीराम: मॅडम.

वेदिका: गेले नाही, वारले नाही. मेले.

काशीराम: ढोरं मरतात. माझा एकुलता एक लेक होता तो.

वेदिका: हो. पण तिच्या कानाला तो शब्द वाईट नाही, काका. शाळेत एक मेलेला बुलबुल सापडला होता, आम्ही तो मातीत पुरला. तो आता उडणार नाही, हे तिनं मला समजावून सांगितलं. हा एवढाच शब्द तिला पुरेल.

काशीराम: मग तुम्हीच सांगा. शिकलेल्या आहात.

वेदिका: मी आठवड्यातून एकदा येणारी बाई. संध्याकाळी ती परत तुम्हालाच विचारेल. तुम्ही दुसरं काही सांगितलंत की निघाली पुन्हा. दर वेळी होडी नसते.

काशीराम: मथुरा?

वेदिका: बोलले तिच्याशी. तोंड उघडलं की तिला रडू फुटतं. आणि रडणं ऐकलं की ज्ञानू कान झाकून घेते.

काशीराम: मी अग्नी दिला त्याला. बापानं लेकाला. तेव्हापण हा शब्द तोंडातनं काढला नाय. कारखान्यातनं फोन आला, मालक बोलला, विनीत गेला. मी विचारलं, कुठं गेला? मला वाटलं, रत्नागिरीच्या गाडीला निघाला.

वेदिका: मग ज्ञानूला तरी कसं कळणार, काका?

काशीराम: बरं, मीच सांगतो. कसं सांगू?

वेदिका: छोटी वाक्यं बोला. माझ्याकडे बघ, म्हणू नका. हात धरू नका. उत्तर उशिरा येईल, थांबायचं.

(ज्ञानू पडवीत येते. दोघांपासून लांब, भिंतीशी बसते.)

काशीराम: ज्ञानू. इथं बस, गो बाय. बरं, तिथंच बस.

ज्ञानू: आज शनिवार. शनिवारी बाबांचा फोन.

काशीराम: फोन येणार नाय. बाबा... मॅडम, नाय होत.

वेदिका: घाई नाही, काका.

काशीराम: बाबा मेला.

ज्ञानू: झोपले.

काशीराम: झोपला नाय. मेला. त्याचं हृदय बंद पडलं. श्वास बंद झाला.

ज्ञानू: ज्ञानू झोपली तर?

काशीराम: तू सकाळी उठशील. तुझं हृदय चालू हाय. हात लावून बघ.

ज्ञानू: बाबा देवाघरी.

काशीराम: मी खोटं बोललो. देवळात नाय. पाण्यात नाय. मुंबईत पण नाय. विनीत कुठंच नाय, बाय.

ज्ञानू: शोधायचं नाही?

काशीराम: नाय. शोधायचं नाय.

वेदिका: आता थांबा. काही बोलू नका.

ज्ञानू: आजोबांना माहीत होतं?

काशीराम: होय.

ज्ञानू: कधीपासून?

काशीराम: पहिल्या दिवसापासनं.

ज्ञानू: ज्ञानूनं रोज विचारलं.

काशीराम: विचारलंस.

ज्ञानू: सांगितलं नाही.

काशीराम: मला बोलता येत नव्हतं.

ज्ञानू: उद्या परत विचारणार.

काशीराम: विचार. हेच सांगीन.