अजून समोर घ्या

अगं, परवाचीच गोष्ट. आंजीला भाचीकडे गेले होते आणि परतीची बस चुकली. एका स्कूटीवाल्या बाईने लिफ्ट दिली.

"कुठं सोडू, काकू?"

"पिपरी मेघेले. चौथ्या माळ्यावर एकटीच आहो मी."

"बाप्पा! लिफ्ट आहे नं बिल्डिंगीत?"

"लिफ्ट आहे, पण आतले लोक मले लिफ्ट देत नाईत."

ती इतकी हसली की गाडी हलली. किती दिवसांनी माझ्या बोलण्यावर कोणी हसलं होतं! तेवढ्यात माझी बिल्डिंग आली. तिने गाडी हळू केली.

"कोणती बिल्डिंग, काकू?"

"अजून समोर घ्या," मी म्हणाले.

शेवटी वर्ध्याच्या बसस्टँडवर उतरले आणि पिपरीला पायी परत आले.